मास्क घरचा, फिन्स तिथल्या

पलंगावर उघडी बॅग, हातात वजनकाटा आणि काही केल्या बॅगेत न मावणाऱ्या, पोहताना पायात घालायच्या दोन लांबलचक फिन्स. आमच्या क्रूझची सुरुवात इथून झाली. नवऱ्याचं म्हणणं, सगळं तिथे भाड्याने मिळतं, ओझं कशाला वाहायचं? ह्यूस्टनच्या भाचीचं फोनवर उलट टुमणं, “मावशी, लोकांच्या तोंडातल्या नळ्या तू तोंडात घालणार आहेस का? सगळं आपलं आण.” दोघांचंही अर्धं अर्धं खरं होतं. कुणाचं कुठलं अर्धं, ते मला दोन-तीन बेटं पालथी घातल्यावर कळलं. तीही पालथं तरंगूनच.

आमची फेरी मायामीहून निघणारी, पश्चिम कॅरिबियनची. ग्रँड केमन, होंडुरासचं रोआतान, बेलीझ आणि मेक्सिकोचं कोझुमेल. जहाज रात्रभर चालतं, सकाळी बेटाला लागतं, संध्याकाळी निघतं. म्हणजे एकेका बेटावर हातात सहा ते आठ तास. त्यात उतरणं, गाडी किंवा बोट, कपडे बदलणं, खाणं आणि परतीची धास्ती. प्रत्यक्ष पाण्यात डोकं घालायला मिळतो तास-दीड तास. तो तास-दीड तास मास्कमध्ये शिरलेलं पाणी उपसण्यात जायला नको, एवढ्यासाठीच सामानाचा विचार करायचा. निकाल आधीच सांगून टाकते: चेहऱ्याला लागतं ते घरून न्यावं, पायाला लागतं ते बहुतेकांनी तिथे घ्यावं. का, ते आता सावकाश पाहू.

जहाजातर्फे जी स्नॉर्केलिंगची, म्हणजे तोंडात नळी धरून पालथं तरंगत पाण्याखाली पाहण्याची, सहल घेता येते, तिच्यात मास्क, नळी आणि फुगवायचं जॅकेट बहुधा दिलेलं असतं. फिन्स कधी असतात, कधी नसतात. बोट सुटते, प्लास्टिकचे क्रेट पुढे सरकतात, पाच मिनिटांत तीस माणसांना वाटप उरकतं. नळ्या जंतुनाशकाच्या पिंपातून काढलेल्या असतात, तोंडात धरल्यावर दवाखान्याची चव येते. भाचीची भीती तेवढी खरी नाही. पिंपात नीट बुडवलेल्या नळीने सहसा कुणी आजारी पडत नाही. खरी अडचण वेगळीच असते. क्रेटमधला मास्क तुमच्या चेहऱ्यासाठी केलेला नसतो, आणि तो बसत नाही हे कळतं उडी मारून झाल्यावर. तोवर गाईड चाळीस हात पुढे गेलेला असतो.

मास्क मुळात करतो काय? पाण्यात उघड्या डोळ्यांनी सगळं धूसर दिसतं, कारण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, प्रकाश वळवण्याची ताकद पाण्यात जवळजवळ संपते. डोळ्याची एकूण दोन-तृतीयांश ताकद त्या पडद्यात असते, आणि ती हवेशी गाठ असली तरच कामाला येते. पाणी आणि कॉर्निया प्रकाशाच्या दृष्टीने जवळपास सारखेच, त्यामुळे किरण वळतच नाहीत. मास्क डोळ्यांपुढे हवेचा एक कप्पा धरून ठेवतो, इतकंच त्याचं काम. प्रकाश मग पाण्यातून काच, काचेतून हवा असा येतो, आणि त्या वाटेत सगळ्या गोष्टी एक-तृतीयांश मोठ्या आणि एक-चतुर्थांश जवळ भासतात. म्हणून पाण्यातून वर आल्यावर प्रत्येकाचा मासा हातभर असतो. खोटं बोलत नाहीत बिचारे.

हा हवेचा कप्पा टिकतो मास्कच्या कडेला असलेल्या सिलिकॉनच्या झालरीवर. झालर कपाळाला, गालांना आणि नाकाखाली सगळीकडे सारखी टेकली पाहिजे. दुकानात पट्टा डोक्याला न लावता मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकासा श्वास आत घ्या आणि हात सोडा. मास्क पडला नाही तर तो तुमचा. पडला तर रंग कितीही आवडला असला तरी ठेवून द्या. पट्टा करकचून आवळल्याने गळती थांबते हा गैरसमज आहे; आवळलेल्या पट्ट्याने झालर दुमडते आणि गळती वाढते. नाक मास्कच्या आत हवं, कारण दोन हात खाली बुडी मारलीत तर नाकातून थोडी हवा सोडून आतला दाब सारखा करावा लागतो. नुसते पोहण्याचे गॉगल इथे चालत नाहीत ते यासाठीच. काचेवर ‘टेम्पर्ड’ असं कोरलेलं पाहून घ्या. प्लास्टिकच्या काचेला चरे लवकर पडतात.

आता मिशा. आमच्या घरात हा नाजूक विषय आहे. वरच्या ओठावरचे केस झालरीखाली बारीक बारीक बोगदे करतात आणि पाणी तिथून ठिबकत राहतं. मिशी काढायची नसेल तर निदान नाकाच्या लगतची एक बोटभर पट्टी साफ करावी, किंवा तिथे सिलिकॉन ग्रीस लावावं. ग्रँड केमनच्या पहिल्या वीस मिनिटांत आमच्या मिशीवाल्यांनी सात वेळा मास्क रिकामा केला. त्या रात्री जहाजाच्या न्हाणीघरात वस्तऱ्याचा आवाज आला. मी काही बोलले नाही.

चष्म्याची गोष्ट त्याहून मोठी, कारण आपल्याकडे चाळिशी उलटलेल्या घरात बिनचष्म्याचा माणूस शोधावा लागतो. मास्कच्या आत चष्मा घालता येत नाही. काड्या झालरीखालून जातात आणि सगळी हवाबंदी संपते. दोन वेगळ्या काचा असलेल्या बऱ्याच मास्कमध्ये मूळ काचा काढून नंबरच्या तयार काचा बसवता येतात. त्या अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने मिळतात आणि त्याच मॉडेलच्या घ्याव्या लागतात. तुमचा नंबर दोन टप्प्यांच्या मध्ये असेल तर कमीचा घ्या, पाणी गोष्टी जवळ आणतंच. उणे एकपर्यंतच्या लोकांचं साध्या काचेवर बरंच निभतं. उणे चारवाल्याला क्रेटमधला मास्क दिला, तर कॅरिबियन म्हणजे निळ्या रंगाची ओली भिंत. कॉन्टॅक्ट लेन्स घालून पाण्यात उतरू नये असं डोळ्यांचे डॉक्टर सांगतात. पाण्यातले जंतू लेन्सखाली अडकून बुबुळाला इजा करू शकतात, शिवाय मास्क भरला की लेन्स वाहून जाते ती वेगळीच. तेव्हा नंबर असेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही. आपला मास्क आणाच.

काचेवर धुकं का धरतं? चेहऱ्याजवळची हवा गरम आणि दमट, काच पाण्याने गार झालेली. दमट हवेतलं पाणी काचेवर बारीक थेंबांनी जमतं, पावसाळ्यात बसच्या खिडकीवर जमतं तसंच. साबणाचा पातळ थर असला की पाण्याचा थेंब होत नाही, ते पसरून पारदर्शक पडदा होतं. म्हणून लहान बाळाच्या शाम्पूचा एक थेंब आतून चोळायचा आणि पाण्यात एकदा हलकेच विसळून घ्यायचा. काहीच नसेल तर थुंकी. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण जुने पाणबुडे अजून तेच करतात आणि ते चालतं. नव्या मास्कच्या काचेवर मात्र कारखान्यातून सिलिकॉनचा अदृश्य थर आलेला असतो; त्याच्यावर शाम्पूही टिकत नाही, थुंकीही नाही. घरीच पांढरी टूथपेस्ट बोटावर घेऊन काच आतून दोन-तीनदा घासून धुवा. जेलची पेस्ट नको, आणि काचेवर काही खास लेप असल्याचं लिहिलं असेल तर घासूच नका. हे काम केबिनमध्ये उद्यावर ढकलू नये. आम्ही ढकललं होतं.

नळीकडे येऊ. ही वस्तू इतकी साधी दिसते की तिच्यात गणित आहे हे पटत नाही. आपण एका साध्या श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. त्यातली १५० मिलिलिटर घशात आणि श्वासनलिकेतच राहते, फुप्फुसाच्या कामाची नसते. नळीमुळे त्या निकामी जागेत आणखी सव्वाशे-दीडशे मिलिलिटरची भर पडते. म्हणजे धापा टाकत लहान लहान श्वास घेतलेत तर आपलीच सोडलेली हवा आत-बाहेर करत राहता, डोकं जड होतं, भीती वाटते, धापा आणखी वाढतात. उपाय एकच, सावकाश आणि खोल श्वास. प्राणायाम करणाऱ्यांना इथे आयता फायदा मिळतो.

याच कारणाने नळी साधारण ३५ ते ४० सेंटिमीटरच असते. लांब केली की निकामी जागा वाढतेच, शिवाय पाण्याचा दाब आडवा येतो. एक मीटर खाली छातीवर वातावरणाच्या दाबाचा एक-दशांश जादा भार पडतो, आणि नळीतून येणारी हवा मात्र वरच्या साध्या दाबाची. तो फरक छातीच्या स्नायूंना काही श्वासांपलीकडे पेलवत नाही. सिनेमात नायक देवनळाची नळी तोंडात धरून तळ्याच्या बुडाशी लपतो, ते सिनेमातच. दुर्योधनालाही डोहात लपायला जलस्तंभन विद्या लागली.

बाजारात साधी नळी मिळते, लाट आल्यावर झडप मिटणारी ‘ड्राय’ नळीही मिळते, आणि तोंडाखाली पाणी सोडायची एकमार्गी झडप असलेलीही. नवख्याने झडपांची घ्यावी, पण तिच्यात वाळूचा एक कण किंवा मिठाचा खडा अडकला की झडप अर्धवट उघडी राहते, हे ध्यानात ठेवावं. माउथपीसही आपल्या तोंडाच्या मापाचं हवं. मोठ्या माउथपीसने अर्ध्या तासात जबडा दुखतो, लहान मुलांना तर ते धरताच येत नाही. मुलं बरोबर असतील तर त्यांचं सामान घरूनच न्या, कारण क्रेटच्या तळाशी मुलांच्या मापाचं मिळेलच असं नाही.

पूर्ण चेहऱ्याचा मास्क घ्यावा का, हा प्रश्न हमखास येतो. डेकॅथलॉनने २०१४ मध्ये ‘ईझीब्रेथ’ आणला आणि तो जगभर पसरला. नाकाने श्वास घेता येतो, तोंडात काही धरावं लागत नाही, हे आकर्षण मोठं. कोविडच्या सुरुवातीला इटलीत त्याच मास्कला झडप बसवून रुग्णांना ऑक्सिजन देण्याचा प्रयोग झाला, त्यामुळे त्याची आणखीच चर्चा झाली. चांगल्या बनावटीच्या मास्कमध्ये आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेच्या वाटा वेगळ्या असतात. स्वस्त नकलांमध्ये त्या नीट वेगळ्या असतातच असं नाही, आणि मग आत कार्बन डायऑक्साइड साठतो. बुडी मारता येत नाही, पाणी शिरलं तर अख्खा मास्क उतरवावा लागतो, शिवाय काही बोटवाले तो घालून पाण्यात उतरूच देत नाहीत. बॅगेत जागा तर तो दोन मास्कांची खातो. माझं मत त्याच्या विरोधात आहे.

यालाच लागून एक गंभीर गोष्ट. हवाईमध्ये स्नॉर्केलिंग करताना पर्यटकांचे मृत्यू होत होते, त्यांचा तिथे सविस्तर अभ्यास झाला. त्यातून पुढे आलं की सगळे बुडून गेलेले नव्हते. अरुंद नळीतून जोर लावून हवा ओढताना फुप्फुसात उलटा ताण पडतो आणि काहींच्या फुप्फुसात पाणी उतरतं. हे पाणी समुद्राचं नव्हे, शरीराचंच. माणूस आरडाओरडा करत नाही, हातपाय मारत नाही, नुसता थकतो आणि शांत होतो. हृदयाचा त्रास, रक्तदाब आणि पाण्यातली दमछाक यांनी धोका वाढतो. म्हणून नळी घेताना ती हातात धरून जोराने श्वास ओढून पाहा. जिच्यातून हवा अडखळत येते ती नको. साठीच्या पुढच्यांनी डॉक्टरांना विचारून जावं, पाय टेकतील अशा पाण्यात सुरुवात करावी, आणि विनाकारण धाप लागली तर लगेच नळी काढून उताणं व्हावं, हात वर करावा, बाहेर यावं. “जरा थांबून बघते” म्हणायचं नाही.

फिन्सचं प्रकरण त्या मानाने सोपं. पूर्ण लांबीच्या फिन्स मोठ्या बॅगेतही तिरप्या ठेवाव्या लागतात, आणि जोडीचं वजन दीड किलोच्या आसपास जातं. भारतातून निघताना बहुतेक विमानांत केबिन बॅगेला सात किलोंची मर्यादा, त्यात दीड किलो फिन्सना देणं मला परवडणारं नव्हतं. आखूड, प्रवासी फिन्स मिळतात. वारंवार जाणाऱ्यांनी त्या घ्याव्यात. एरवी तिथे भाड्याने घ्या आणि पातळ लायक्राचे मोजे मात्र घरून न्या, कारण दुसऱ्याच्या फिन्स टाचेला जो फोड आणतात तो पुढची तीन बेटं लंगडत दाखवतो. फिन्स घालून वाळूवर चालायचं नसतं. कमरेइतक्या पाण्यात जाऊन, एकमेकांच्या खांद्याला धरून घालायच्या, आणि चालायचंच असेल तर उलट्या पावलांनी.

तरंगायचं जॅकेट तोंडाने फुगवायचं असतं, घडी केल्यावर टॉवेलपेक्षा लहान होतं. पोहणं बेताचं असेल तर स्वतःचं न्या. त्यात एकेक फुंकर घालून आपल्याला हवं तितकंच वर राहता येतं.

पण कुठे काय न्यायचं हे शेवटी बेट ठरवतं, आणि हे जहाज कंपनीच्या पत्रकात कुणी लिहून देत नाही.

ग्रँड केमनला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही; बाहेर नांगर टाकतं आणि लहान टेंडर बोटी माणसांना जॉर्जटाउनला नेतात. सकाळी टेंडरला रांग लागते, तेव्हा हातातलं सामान जितकं कमी तितकं बरं. पण एकदा उतरलात की मास्क-नळीवाल्याची चैन आहे. गावाच्या किनाऱ्यावरूनच, चालत जाण्याइतक्या अंतरावर, ईडन रॉकचा खडक आहे आणि दुसरीकडे ‘चीजबर्गर रीफ’. नाव जवळच्या बर्गरच्या दुकानावरून पडलंय. थोडं पुढे ‘काली’ नावाच्या जहाजाचे अवशेष फार खोल नसलेल्या पाण्यात पसरलेत. हे जहाज १९४४ साली तांदळाची पोती घेऊन निघालं होतं. त्याला गळती लागली, तांदूळ भिजून फुगला आणि फुगलेल्या तांदळानेच त्याचा सांगाडा उसवला, असं तिथे सांगतात. वरून पाहताना लोखंडाच्या बरगड्यांमधून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे फिरत होते, आणि माझ्या डोक्यात मात्र घरचा कुकर.

याच बेटावरची प्रसिद्ध सहल पाकटांची. मालवणकडे ज्याला पाकट म्हणतात तो चपटा, लांब शेपटीचा मासा इथे नॉर्थ साउंडच्या उथळ वाळूवर माणसांच्या पायांत फिरतो. कोळी इथे मासे साफ करून टाकाऊ भाग पाण्यात टाकत, त्यासाठी पाकटं जमू लागली. या जागी चार फुटांहून उथळ पाण्यात पायात काहीही घालायला मनाई आहे, म्हणजे फिन्स तर नाहीतच. वाळूत बसलेल्या पाकटावर फिन पडली तर ती त्याला नको आणि तुम्हालाही नको. पाकटाला पाण्याबाहेर उचलायचंही नाही. नुसता मास्क हवा.

रोआतानला वेस्ट बेच्या किनाऱ्यावरून पोहत प्रवाळापर्यंत जाता येतं, म्हणजे आपल्या सामानाचं खरं चीज इथे. हे प्रवाळ म्हणजे मेक्सिकोच्या युकातानपासून होंडुरासपर्यंत सुमारे हजार किलोमीटर पसरलेल्या मेसोअमेरिकन रीफचा भाग. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफनंतर याचाच नंबर. पाणी शांत असेल तर इथे कान देऊन ऐका. बारीक करकर आवाज येतो. पॅरटफिश चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडत असतात, आणि त्यांच्या पोटातून जे पांढरं बाहेर पडतं त्याची या किनाऱ्यांच्या वाळूत मोठी भर असते. हे कळल्यावर आमच्या मिशीवाल्यांनी, आता बिनमिशीच्या, वाळूत आडवं व्हायचा बेत रद्द केला.

बेलीझला जहाज किनाऱ्यापासून बरंच दूर थांबतं आणि चांगलं प्रवाळ गावापासून लांब, समुद्रात आहे. म्हणजे बोटीची सहल घ्यावीच लागते आणि फिन्स बोटीवर मिळण्याचा संभव असतो. मास्क खिशात टाकून जा, बाकी ओझं केबिनमध्ये.

कोझुमेलमध्ये धक्क्याबाहेर टॅक्सी उभ्या असतात. पश्चिम किनाऱ्यावरच्या बीच क्लबांत जाऊन थेट पाण्यात उतरता येतं. पालांकारचं प्रवाळ किंवा तारामाशांची उथळ वाळू ‘एल सिएलो’ पाहायची तर बोट हवी. इथे एकच गोष्ट नीट समजून घ्या, प्रवाह. तो बहुतेक वेळ दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. स्वतःहून पाण्यात उतरणाऱ्याने आधी दक्षिणेकडे, प्रवाहाच्या उलट जावं. दम असताना उलट आणि थकल्यावर सुलट, म्हणजे परत येणं सोपं. उलटं केलंत तर आपले कपडे जिथे ठेवलेत तो क्लब हळूहळू मागे सरकताना दिसतो आणि फिन्सना मग खरी किंमत येते. मरीन पार्कमध्ये हातमोजे घालायला बंदी आहे, कारण हातमोजे असले की माणूस प्रवाळाला धरतो. तारामासा हातात घेऊन फोटो काढायचा नाही, पाण्याबाहेर काही क्षणही त्याला सोसत नाहीत.

आपलं सामान असलं की जहाजाची सहल न घेता स्वतःच फिरावंसं वाटतं, आणि पैसेही वाचतात. पण जहाजाची सहल उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. घड्याळाचा घोळ इथेच होतो. कोझुमेल ज्या राज्यात येतं त्या किंताना रूने २०१५ पासून बाराही महिने एकच वेळ ठेवली आहे, उन्हाळ्यात काटे पुढे करत नाहीत. मायामी करतं. म्हणजे उन्हाळ्यात जहाज मायामीच्या वेळेवर चालत असेल तर बेटाची वेळ एक तास मागे. मोबाइल बेटावरच्या टॉवरला जोडला गेला की तो गुपचूप बेटाची वेळ दाखवतो, आणि तुम्ही निवांत तासभर आणखी पोहता. रोआतानची वेळ आणखी एक तास मागे. मनगटावर साधं घड्याळ, जहाजाच्या वेळेला लावलेलं, हे स्नॉर्केलिंगच्या सामानातच धरा.

पाठ हा विसरलेला अवयव. तासभर पालथं तरंगताना ऊन सरळ पाठीवर आणि पोटऱ्यांवर पडतं, पाणी गार असल्याने भाजतंय हे कळत नाही. लांब बाह्यांचा पोहण्याचा टॉप आणि गुडघ्याखाली जाणारी पँट नेलीत तर क्रीम फार लागतच नाही. हे महत्त्वाचं अशासाठी की काही सनस्क्रीनमधली रसायनं प्रवाळाला मारक ठरतात. पूर्व कॅरिबियनची फेरी असेल तर अमेरिकन व्हर्जिन आयलंड्समध्ये ऑक्सिबेन्झोन, ऑक्टिनोक्सेट आणि ऑक्टोक्रायलीन असलेल्या क्रीमवर २०२० पासून बंदीच आहे. झिंक ऑक्साइडचं पांढरं फटक लावा. नाटकातल्या राजासारखे दिसता, पण पाण्यात बघतंय कोण.

बॅगेची मांडणी अशी. मास्क त्याच्या कडक डब्यात आणि डबा केबिन बॅगेत, कारण चेक-इन बॅग हरवली तर कपडे बेटावर मिळतील, नंबरच्या काचा मिळणार नाहीत. अमेरिकेच्या विमानतळांवर मास्क आणि नळी केबिन बॅगेत चालतात. शाम्पूची बाटली तेवढी लहान हवी. जॅकेट तोंडाने फुगवायचंच घ्या, गॅसच्या नळकांडीवालं नको, विमानात त्यावरून हुज्जत होते. चाकू तर नकोच.

जहाजावर पोचल्यावर पहिला मोह होतो पोहण्याच्या तलावात मास्क लावून पाहण्याचा. बहुतेक जहाजांवर तलावात मास्क आणि फिन्स चालत नाहीत. सराव घरीच, सोसायटीच्या टँकमध्ये करावा. किंवा सिंधुदुर्ग किल्ल्याशेजारी मालवणच्या पाण्यात, पावसाळा संपल्यावर. तिथल्या होडीवाल्यांनी दिलेल्या मास्कने जेव्हा गळती होते तेव्हा आपल्या चेहऱ्याचं माप कळतं, आणि तो धडा हजारो मैलांवरच्या धड्यापेक्षा स्वस्त पडतो.

रोज संध्याकाळी सामान धुणं आलंच. केबिनचं न्हाणीघर एवढं लहान की मी सरळ मास्क गळ्यात, नळी हातात घेऊन अंघोळीला शिरत होते. गोडं पाणी झडपांमधून दोन-तीन वेळा खळखळून काढायचं, नाहीतर मीठ वाळून झडप चिकटते. जहाजाच्या केबिनच्या भिंती बहुधा पोलादी असतात, लोहचुंबकाचे हूक त्यांना झकास चिकटतात. चार हूक नेलेत तर वाळत घालायचा प्रश्न मिटतो. बाल्कनीच्या कठड्यावर काही टांगू नका. रात्री जहाजाचा वेग आणि वारा मिळून तुमची फिन कायमची समुद्राला अर्पण होते.

या धुण्याला दुसरंही कारण आहे, आणि ते फक्त मिठापुरतं नाही. २०१४ साली मायामीजवळच्या समुद्रात प्रवाळाचा एक रोग दिसला. दगडी प्रवाळाचं जिवंत मांस झडून खाली पांढरा सांगाडा उरतो. २०१८ मध्ये तो कोझुमेलला पोचला, २०२० मध्ये ग्रँड केमन आणि रोआतानला. शेकडो वर्षांच्या वसाहती काही आठवड्यांत गेल्या. कोझुमेलच्या दक्षिणेकडच्या जागा २०१९ मध्ये काही काळ पर्यटकांसाठी बंदही ठेवल्या होत्या. या रोगाचा प्रसार पाण्यातून होतो, म्हणून एका प्रवाळावरून दुसऱ्यावर जाताना साहित्य साबणाने धुऊन, निर्जंतुक करून पूर्ण कोरडं करावं असं सांगितलं जातं. आता क्रूझचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. आज एक बेट, उद्या दुसरं, परवा तिसरं, आणि तुमचा तोच मास्क, तीच ओली फिन. भाड्याचं सामान त्या बेटावरच राहतं; आपलं सामान आपल्याबरोबर बेटं ओलांडतं. म्हणून फिन्सच्या पाऊलकप्प्यातली वाळूसुद्धा केबिनमध्ये निघाली पाहिजे, पुढच्या किनाऱ्यावर नव्हे. मास्क आणि नळी एका रात्रीत खणखणीत वाळतात, जाड रबराच्या फिन्स वाळत नाहीत. त्या भाड्याने घ्याव्यात या माझ्या हट्टामागे वजनाइतकंच हेही आहे.

घरी परतल्यावर सगळं पुन्हा एकदा साध्या पाण्यात तासभर बुडवून ठेवा, सावलीत वाळवा. नळी मास्कच्या पट्ट्यातून सोडवून वेगळी ठेवा. मास्क त्याच्याच डब्यात, वर काही न रचता, कारण झालर एकदा दुमडून बसली की तशीच राहते. काळ्या रबराशेजारी ठेवलात तर पारदर्शक सिलिकॉन पिवळं-काळं पडतं. आणि कपाटात डांबरगोळ्या असतील तिथे तर मुळीच नको, पुढच्या वर्षी पहिल्या श्वासाला आजीच्या ट्रंकेचा वास येतो.